एकवीस आणि वर एक

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं. तिथे बोटाएवढा एक लोखंडी तुकडा असायचा, दोन टोकं दोन जाडीची. त्याला ते गेज म्हणत. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर तिथलं एवढंच त्यांच्याजवळ उरलं. पाडलेलं भोक बरोबर आहे का, हे बघायचं तर गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं आत जाता कामा नये. एका टोकाचं नाव गो, दुसऱ्याचं नो गो.

"यात 'बऱ्यापैकी' नावाचं टोक नसतं," ते सांगायचे.

हे गेज ते माणसांनाही लावत.

परळला पालिकेची एक मराठी शाळा मुलांअभावी बंद पडली. तिच्या तळमजल्यावरचा एक वर्ग काही आईवडिलांनी मिळून, अर्ज करकरून मिळवला आणि तिथे कार्यशाळा काढली. चौदा माणसं येत. कुणाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व, कुणाला ऐन तारुण्यात जडलेला मानसिक आजार. सगळी वयाने मोठी. दहा ते चार काम चाले: देवाच्या वाती वळायच्या, त्यांची पाकिटं भरायची, आणि कुणी आणून दिलेच तर छापील कागदांच्या घड्या घालायच्या. दादरचं एक पूजासाहित्याचं दुकान वाती घ्यायचं. काका तिथे पगारी नव्हते आणि पदाधिकारीही नव्हते. दाराची कडी बसवायला बोलावलेला माणूस, तो परत गेलाच नाही.

"तुमच्या घरी आहे का हो कुणी असं?" पाहुणे हमखास विचारत.

"आहे ना."

"कोण?"

"मी."

खोलीतल्या चौदाही जणांना ते अहो-जाहो करत. दिगंबरराव, मंदाताई, फर्नांडिससाहेब. बाहेरून येणारा कितीही मोठा असला तरी त्याला 'तू'. आईवडिलांच्या मंडळाचे अध्यक्ष एकदा कुरकुरले, "काका, माझी साठी झाली. मला तरी अरे-तुरे करू नका." काका म्हणाले, "मंदाताईंना 'ए मंदा' म्हणायचा सोड, मग तुका साहेब म्हणतंय." रागावले की ते मालवणीत शिरत. अध्यक्षांनी ते सोडायला दोन महिने घेतले, पण सोडलं.

पाहुण्यांची परीक्षा चहावर व्हायची. चहा मंदाताई करायच्या. पाहुण्याने कप हातात घेऊन मंदाताईंना 'छान झालाय' म्हटलं तर गो. काकांकडे वळून 'अरे वा, हिला चहा येतो करता?' म्हटलं की काका नुसता खिसा चाचपत आणि मंदाताई हसत सुटत.

एक गृहस्थ मुलाच्या वाढदिवसाचा केक घेऊन आले. त्यांना प्रत्येकाला आपल्या हाताने केक भरवायचा होता आणि पुतण्याने त्याचे फोटो काढायचे होते. दोघांना भरवून झाल्यावर काका रांगेत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी आ वासला.

"तुम्ही हाताने घ्या ना, काका," गृहस्थ म्हणाले.

"यांना का नाही दिलास हातात?"

"नाही, म्हणजे, हे लोक..."

"मग मला पण भरव. माझे तर दात पण कमी आहेत."

गृहस्थांनी केक टेबलावर ठेवला. फोटोत काकांचा उघडा जबडा तेवढा आला.

मी तिथे गेले ती पत्रक लिहायला. डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या घरी गादीखाली पत्रकांचे गठ्ठे असत. वडील कामावरून आले की पोस्टर चिकटवायची खळ शिजवायचे. त्या वासात मी वाढले. बाराखडी मी पत्रकांवरूनच शिकले, त्यामुळे जोडाक्षरांआधी मला उद्गारचिन्ह काढता येऊ लागलं. आमच्या तरुणांच्या गटाने ठरवलं की अपंगांच्या हक्कांवर एक पत्रक काढायचं. ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पंधरा दिवस वाचलं, चार पानं लिहिली आणि कार्यशाळेत नेऊन काकांना दाखवली. शाबासकी मिळेल अशी माझी समजूत होती.

काकांनी चष्मा लावला नाही. त्यांनी खणातून पोलादी पट्टी काढली आणि माझ्या पहिल्या वाक्यावर ठेवली.

"साडेतीन ओळी. मंदाताई, हे जरा मोठ्याने वाचा."

मंदाताई लग्नाआधी एका कचेरीत टायपिस्ट होत्या. त्यांचं वाचन स्वच्छ. त्यांनी 'उत्पादकतेच्या निकषावर मोडीत काढल्या गेलेल्या' इथपर्यंत वाचलं, थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी आणू का? लिहिताना तुम्हाला तहान लागली असेल."

"हे कोणाला लिहिलंस गो?" काकांनी विचारलं.

"समाजाला."

"तो खंय बसता? कुठच्या बाकावर?"

मी चिडले. दयेच्या राजकारणावर मी त्यांना दहा मिनिटं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एका फळीला कानसही मारली. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पट्टीत बसत नाही एवढंच." त्या दिवसापासून माझं नाव पत्रकबाई पडलं.

चार पानांचं एक पान झालं. त्यातल्या एका वाक्याचा मला अभिमान होता: 'या खोलीतलं काम इतर कुठल्याही कामाइतकंच चोख आहे.' काकांनी ते दोनदा वाचलं.

"हे राहू दे. पण ते खरं ठेवायचं काम आमचं. तू लिहिलंस, तू मोकळी."

मी मोकळी झाले नाही. पत्रक छापून झाल्यावरही दुपारची कार्यशाळेत जाऊ लागले, हिशेबाच्या वह्या आणि अर्ज लिहिण्यात मदत करू लागले. काकांचं खरं काम मी तेव्हा पाहिलं.

शाळेचे मोडके बाक मागच्या व्हरांड्यात रचून ठेवले होते. त्यांच्या फळ्यांतून काका साचे करत. दिगंबररावांना सातपर्यंतचे आकडे पक्के येत, पुढचे गडबडत. पाकिटात तर एकवीस वाती हव्यात. काकांनी त्यांच्यासाठी फळीला एकवीस खाचा पाडल्या. एका खाचेत एक वात. सगळ्या खाचा भरल्या की गोळा करून पाकिटात. आकडे येण्याची गरजच उरली नाही. फर्नांडिससाहेबांना सलग बसवत नसे, तर त्यांचा साचा तीन ठिकाणी विभागून तीन खिडक्यांपाशी ठेवला होता; ते चालत चालत पाकीट भरत.

"माणूस चुकला की आधी साचा बघायचा," हे त्यांचं वाक्य. दिवसातून चारदा तरी ते म्हणत. एखाद्याने पंधरा वेळा तीच चूक केली तरी ते फळी उचलून खिडकीच्या उजेडात नेत आणि फळीलाच विचारत, "काय गो, काय झालं तुला?"

आणि एक नियम होता. चारनंतर कुणाच्याही कामाला हात लावायचा नाही. इतर काही ठिकाणी त्यांनी बघितलं होतं, माणसं घरी गेली की मदतनीस बायका बसून त्यांचं काम उसवतात, नव्याने करतात आणि सकाळी शाबासकी देतात. काकांना त्याची चीड होती. "चूक असेल तर सकाळी तोंडावर सांगा. मागनं सुधारलेल्या कामाला फसवणूक म्हणतात. रेल्वेत असा डबा सोडला असता तर माणसं मेली असती."

तोंडावर सांगण्याची त्यांची रीत आजारांच्या बाबतीतही तशीच. मंदाताईंना आवाज ऐकू येत. कधी कधी हातातला कापूस तसाच ठेवून त्या भिंतीकडे बघत बसत. बाकीचे 'काही नाही हो, कुणी बोलत नाही' म्हणत. काका विचारत, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, उठ, मूर्ख आहेस."

"त्याला सांगा, चारपर्यंत कामात आहे. भेटायचं तर चारनंतर ये."

मंदाताई भिंतीला ते सांगत. कधी उपयोग होई, कधी नाही. नाही झाला की त्या आतल्या बाकावर आडव्या होत आणि त्या दिवशी त्यांना कुणी वात वळायला सांगत नसे.

एकदा नव्या गोळ्यांनी त्यांचे हात थरथरायला लागले. वाती खाचेत बसेनात, म्हणून त्यांनी कुणाला न सांगता गोळ्याच बंद केल्या आणि आठवड्यात त्यांची झोप उडाली. काका त्यांना घेऊन इस्पितळात गेले, सकाळपासून दुपारपर्यंत रांगेत बसले. मी आणि मंदाताईंची पुतणी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते आणि दमलेले. ते पुतणीशी बोलू लागले.

"पेशंट इकडे बसलाय," काका म्हणाले. "आणि यांच्या हाताला काम आहे. हात हलतो, वात बसत नाही, म्हणून यांनी गोळी सोडली. हात न हलणारी काही गोळी असेल तर बघ."

डॉक्टर आधी वैतागले, मग त्यांनी मंदाताईंना पहिल्यांदा विचारलं, "काय काम करता तुम्ही?" गोळी बदलली. ती लागू पडेपर्यंत महिना जाणार होता. त्या महिन्यासाठी काकांनी रुंद खाचांची एक वेगळी फळी बनवली, खाली जड पत्रा ठोकून, म्हणजे हात हलला तरी फळी हलणार नाही. हात थांबल्यावर ती फळी त्यांनी भिंतीला टांगून ठेवली. "टाकू नका," म्हणाले, "लागते कुणाला ना कुणाला."

आता दिगंबररावांविषयी सांगते, कारण काका मला नीट कळले ते त्यांच्यामुळे.

दिगंबरराव चाळिशीचे, लालबागला चाळीत राहणारे. त्यांची आई बाजारात मासळी विकायची. दिगंबररावांना घेऊन ती बसायची, आणि ते कार्यशाळेत येऊ लागल्यावर एकटी. ती अचानक वारली. मोठे भाऊ शशीभाऊ डोंबिवलीला, लहान जागेत, बायको आजारी. शशीभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी कर्जतच्या पुढची एक निवासी संस्था बघून ठेवली होती. दिगंबररावांना कुकर लावता येई, लालबागहून परळला चालत येता येई, शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ डोकावत. एवढ्यावर माणूस आपल्या घरात राहू शकतो का, हे ठरवायला पालकत्वाची सरकारी समिती होती. समितीच्या एक मॅडम कामाच्या जागी येऊन बघणार होत्या.

दिगंबरराव रोज सकाळी आल्या आल्या विचारत, "मी लालबागलाच ना?"

आम्ही सगळे 'हो, हो' म्हणायचो. काका म्हणायचे, "माहीत नाही, दिगंबरराव. मॅडम येणार, बघणार, मग कळणार." मला ते क्रूर वाटायचं.

आणि मी त्या दिवसांत एक गोष्ट करत होते. आई गेल्यापासून दिगंबररावांच्या पाकिटात बावीस वाती निघत. एकवीस खाचा भरून, वर आणखी एक. पहिली खेप त्या गडबडीत न तपासताच गेली आणि दुकानदाराने मला फोनवर सुनावलं, "ताई, पाकिटावर एकवीस लिहिलंय. मोजता येत नसेल तर राहू दे." मी ते काकांना सांगितलं नाही. दिगंबररावांनाही सांगितलं नाही. आई गेलेल्या माणसाला काय बोलायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. 'इतर कुठल्याही कामाइतकंच चोख' हे वाक्य मी छापून बसले होते. चार वाजता सगळे गेले आणि काका मागच्या व्हरांड्यात हात धुवायला गेले की मी दिगंबररावांची पाकिटं उघडायचे, एकेक वात काढायचे आणि पुन्हा बंद करायचे. तीन महिने. सकाळी काका पाकिटं तपासत, सगळी बरोबर निघत, आणि ते मान डोलावत.

मॅडम आल्या तेव्हा अकरा वाजले होते. बरोबर शशीभाऊ. मॅडमनी चहा घेतला आणि मंदाताईंना म्हणाल्या, "आलं घातलंय का? छान लागतंय." काकांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. गो.

"हे काय काम करतात?" मॅडमनी शशीभाऊंना विचारलं.

"त्यांनाच विचार," काका म्हणाले. 'तू' ऐकून मॅडम दचकल्या, पण वळल्या.

"काय करता, दिगंबर?"

"वाती. बघा."

दिगंबररावांनी फळी पुढे ओढली. एकेक खाच भरली. घाई नाही, चूक नाही. एकविसावी ठेवली, सगळ्यांकडे एकदा बघितलं, बाविसावी उचलली आणि त्या सगळ्यांच्या वर आडवी ठेवली. मग पाकिटात भरून मॅडमच्या हातात दिलं.

मॅडमनी मोजलं. "बावीस आहेत. पाकिटावर तर एकवीस आहे."

त्यांचं पेन उघडलं. माझा धीर सुटला. मी कपाटातून कालची पाकिटं काढून टेबलावर ओतली. "मॅडम, आज घाबरलेत ते. ही बघा, कालची. सगळी एकवीस. एकही चूक नाही."

मॅडमनी एक पाकीट मोजलं. एकवीस. त्या काहीतरी बोलणार तेवढ्यात दिगंबररावांनी ते त्यांच्या हातातून घेतलं, वाती फळीवर एकेक करून लावल्या. खाचा भरल्या, हातात काही उरलं नाही. त्यांनी दुसरं पाकीट फोडलं. मग तिसरं.

"वरचा कुठे?"

त्यांनी चौथं पाकीट उलटं केलं.

"वरचा कुठे गेला? वरचा कुणी घेतला?" त्यांनी फळीवर मूठ आपटली. वाती उडाल्या, फळी खाली पडली, मॅडमच्या फायलीवर चहा सांडला. "चोरला! माझा वरचा चोरला!"

मॅडम उठून मागे सरकल्या. शशीभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "हेच सांगत होतो, मॅडम. एकट्याला कसं ठेवायचं?"

काका पडलेली फळी उचलायला वाकले होते. त्यांनी ती नेहमीसारखी उजेडात धरली, खाचा बोटाने चाचपल्या. साचा ठीक होता. मग त्यांनी खाली सांडलेल्या वाती बघितल्या, कालची पाकिटं बघितली आणि सावकाश माझ्याकडे बघितलं. खिशातलं गेज काढून त्यांनी टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

मी बरीच भाषणं केली आहेत. त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं.

"मी काढला," मी म्हटलं. "दिगंबरराव, मी काढत होते. रोज. तुम्ही गेल्यावर."

"का?"

"एकवीस पाहिजेत म्हणून."

त्यांनी खाली पडलेली एक वात उचलली. श्वास अजून जोरात चालला होता.

"मला सांगायचं ना," ते म्हणाले.

मग शशीभाऊ बोलले, तेही कुणाला उद्देशून नाही. "आई वाटा लावायची. पाच बोंबील खाली, आणि वर एक. गिऱ्हाइकाला वरचा. तो वरचा ठेवायचं काम याचं होतं. लहानपणापासून. माझा हात तिथे चालायचा नाही, ती मारायची." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

मॅडमनी भिजलेली फाईल झटकली. काकांनी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि पहिल्यांदाच त्यांना 'तुम्ही' म्हणाले.

"लिहा, मॅडम. या खोलीत एका माणसाच्या कामावर भरवसा ठेवता येत नाही असं लिहा. पण नाव हिचं लिहा." बोट माझ्याकडे होतं.

मॅडमनी नाव लिहिलं नाही. त्यांनी दिगंबररावांना विचारलं, कुकरच्या किती शिट्ट्या करता. "तीन. डाळीला चार." रस्ता कुठे ओलांडता. गॅसचा वास आला तर काय करता. "काकूंना हाक." मग त्यांनी आणखी एक पाकीट भरायला सांगितलं आणि ते भरून झाल्यावर, बावीस मोजून, आपल्या पर्समध्ये टाकलं.

समितीचा निर्णय यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात दिगंबरराव रोज विचारत, "मी लालबागलाच ना?" आणि आता मीही म्हणायला शिकले, "माहीत नाही, दिगंबरराव." ते म्हणणं 'हो' म्हणण्यापेक्षा जड जातं. निर्णय आला: वर्षभर घरीच राहू द्यावं, शेजाऱ्यांनी आणि कार्यशाळेने लक्ष ठेवावं, मग पुन्हा बघावं. शशीभाऊंनी त्यावर सही केली. ते रविवारी येतात. मासळी घेऊन.

माझा निर्णय मॅडम येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी लागला होता. मी वह्या घेऊन बसायला गेले तर माझ्या जागी कापूस आणि फळी.

"वळ," काका म्हणाले.

"किती दिवस?"

"तपासनीस सांगतील." तपासनीस म्हणजे दिगंबरराव.

वाती वळणं सोपं वाटतं. माझ्या वाती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला नाहीशा होत. मंदाताईंनी एक उचलून खिडकीशी धरली. "पावसात अशी गांडुळं निघतात," म्हणाल्या, "कुंड्यांतून." दिगंबरराव माझी पाकिटं चार वाजायच्या आत, माझ्या डोळ्यांदेखत तपासत. "ही नको. ही पण नको. ही चालेल." दया नाही, राग नाही. महिन्याने एकदा 'सगळ्या चालतील' म्हणाले. मी ते वडिलांना घरी जाऊन सांगितलं.

काकांनी त्या पहिल्याच आठवड्यात दिगंबररावांच्या फळीला बाविसावी खाच पाडली. चांगली, बाकीच्यांपासून जरा वर, कानस मारून गुळगुळीत केलेली. आपण प्रश्न सोडवला म्हणून ते खुशीत होते. दिगंबररावांनी फळी बघितली आणि परत ढकलली.

"खाच नको. वरचा वर ठेवायचा. हातानं."

काकांनी फळी उजेडात नेली. बराच वेळ बघितली. "चुकलं," म्हणाले, आणि ती खाच भुसा आणि सरस घालून बुजवली. तो डाग अजून आहे. पाकिटाचं नवं लेबल मंदाताईंनी लिहिलं: 'एकवीस वाती, आणि वर एक.' दुकानदार आधी हसला. मग म्हणाला, गिऱ्हाइकं हेच मागतात.

या सगळ्याला तीन वर्षं झाली. काकांचा उजवा हात गेल्या वर्षी थरथरायला लागला. आधी त्यांनी तो खिशात ठेवला, गेजच्या खिशात. कानस धरवेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं की हे थांबणार नाही, हळू करता येईल. काकांनी ते खोलीत सगळ्यांना सांगितलं, त्याच शब्दांत. मग दुसऱ्या दिवशी भिंतीवरची मंदाताईंची रुंद खाचांची फळी स्वतः उतरवली आणि दिगंबररावांच्या शेजारी बाकावर बसले. आता ते वाती भरतात. दिवसाला चार पाकिटं होतात.

परवा चार वाजायला आले होते. त्यांचं शेवटचं पाकीट तपासायला माझ्याकडे आलं. मी मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीसच. काका रुमालाने मनगट दाबत बसले होते, दमले होते. मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझ्या पुढ्यात सुट्या वातींचा ढीग होता. तीन वाती. कुणालाही दिसलं नसतं.

"काका," मी म्हटलं, "एकोणीस आहेत."

काकांनी रुमाल खाली ठेवला.

"परत मोज."

"दोनदा मोजलं."

त्यांनी पाकीट घेतलं, फळीवर उलटं केलं. एकेक खाच भरत गेले. हात हलत होता, वात खाचेच्या कडेला अडत होती, ते ती परत उचलत होते. चार वाजून गेले. कुणी उठलं नाही, आणि कुणी हात लावला नाही. दोन खाचा रिकाम्या राहिल्या. काकांनी फळी उचलून उजेडात धरली.

"साचा ठीक आहे," ते म्हणाले. "मीच चुकलो."

त्यांनी दोन वाती घेऊन त्या दोन खाचा भरल्या. मग वाती गोळा करायला लागले, तर दिगंबररावांनी फळीवर हात ठेवला.

"वरचा राहिला, काका."

काका थांबले. ढिगातून एक वात उचलली, हात जरा स्थिर व्हायची वाट बघितली, आणि वर ठेवली.